पौनीकर बाईंची सही

पौनीकर बाईंनी आमच्या प्रकल्पाचं जेवढं नुकसान केलं तेवढं उंदरांनीही केलं नाही, असं आमचे दुबे साहेब म्हणत. उंदरांशी त्यांचं तसं वैर नव्हतं. उंदीर केबल कुरतडतात, मग नवी केबल टाकता येते आणि नव्या केबलचा नवा प्रस्ताव करता येतो. बाई अहवाल कुरतडत. त्यावर साहेबांकडे औषध नव्हतं.

आमचा प्रकल्प म्हणजे गरिबातल्या गरिबाला परवडेल असं वेगवान इंटरनेट खेड्यापाड्यांत पोचवण्याचा प्रकल्प. ऑफिस धरमपेठेत, तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित. खेडी सगळी उमरेडच्या बाजूला, आणि तिथे वातानुकूलनाची सोय नसल्यामुळे आम्ही तिकडे फारसे जात नसू. न जाता काम कसं चालतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आमचा नकाशा पाहायला हवा होता. भिंतभर पडदा, पडद्यावर तालुका, तालुक्यावर ठिपके. लाल ठिपका म्हणजे नेट नसलेलं गाव. हिरवा ठिपका म्हणजे एकविसाव्या शतकात दाखल झालेलं गाव. लालाचा हिरवा करण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्या पदाचं नाव 'प्रगती समन्वयक'. एक बटण दाबून मी अख्खं गाव पुढच्या शतकात ढकलायचो आणि मग डबा खायला जायचो.

बटण दाबण्याआधी मात्र एक कागद लागे. 'सदर गावास जोडणी प्राप्त झाली असून ती सुस्थितीत आहे' असं त्यावर छापलेलं असे आणि खाली स्वीकृती तपासनीसाची सही. ती सही पौनीकर बाईंची.

बाईंची साठी उलटून गेलेली. ठेंगण्या, काटक, अंगावर सुती पातळ आणि पायांत कापडी बूट, कारण त्यांना केबलच्या चरीच्या काठाने मैलोन्‌मैल चालत जायची खोड होती. जीप होती, ड्रायव्हर होता, पण बाई गावाच्या अलीकडेच उतरत. "चर पाहत पाहत येतो मी. तुमी व्हा पुढं," म्हणत. खांद्याला झोळी. तिच्यात केबलचं टोक पाहायची बोटभर दुर्बीण, स्पिरिटची बाटली, मऊ कापडाच्या चिंध्या आणि पोळी-ठेच्याचा डबा. जन्म उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला. वडिलांचा हातमाग होता आणि मागावर तुटलेला धागा सांधण्याचं काम लहानपणी यांच्याकडे असे. पुढे त्या टेलिफोन खात्यात लागल्या. तिथे पुरुषांना न जमणारे जोड शेवटी यांच्या टेबलावर यायचे, असं त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे कंत्राटावर आल्या. त्यांना घेताना साहेबांनी एवढाच विचार केला होता की म्हातारी बाई आहे, घरी बसून सह्या करेल.

बाईंची तपासणीची पद्धत आमच्या कुठल्याही नियमावलीत नव्हती. नियमावली सांगायची की यंत्रावरचा हिरवा दिवा पाहावा, त्याचा फोटो काढावा आणि सही करावी. बाई दिव्याकडे ढुंकून पाहत नसत. "दिवा तं माह्या मिक्सरलेही आहे," म्हणायच्या. त्यांची एकच अट असे. गावातल्या एका माणसाचं खरोखर अडलेलं काम त्या नेटवरून आपल्यासमोर झालं पाहिजे. ते होईपर्यंत ग्रामपंचायतीच्या खुर्चीवरून उठायचं नाही, आणि पंचायतीचा चहाही घ्यायचा नाही. आमच्याकडे पाहुण्याने चहा नाकारला तर सरपंचाला तो घरावर आलेला कलंक वाटतो. चहा गार व्हायचा, दुसरा यायचा, तोही गार व्हायचा. कंत्राटदाराचा माणूस घामाघूम व्हायचा. त्याने आयुष्यात चहावरच सह्या मिळवलेल्या.

एका गावात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गेलो म्हणजे ऑफिसातला एसी बिघडला होता. बाईंनी अडलेलं काम विचारलं तेव्हा कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा पुढे आले. त्यांचं पेन्शन बंद झालं होतं, कारण आपण जिवंत आहोत हे त्यांनी वेळेवर कळवलं नव्हतं. बाईंनी त्यांना पंचायतीतल्या अंगठ्याच्या यंत्रासमोर बसवलं. अंगठा जुळेना. खाणीत रेषा झिजून गेलेल्या. बाईंनी झोळीतली चिंधी ओली केली, अंगठा पुसला, पुन्हा ठेवायला लावला. सहाव्या की सातव्या खेपेला सरकारची खात्री पटली. आजोबा म्हणाले, "म्हंजे मी आता आहो नं बाई?" बाई म्हणाल्या, "हाव. आता मरेपर्यंत काई भेव नाही." मग त्यांनी चहा मागितला, बशीत ओतून दोन कप प्यायल्या आणि सही केली. त्या एका सहीला पावणेपाच तास लागले. तेवढ्या वेळात मी ऑफिसात बसून दहा गावं पुढच्या शतकात पाठवली असती, हे मी त्यांना परतताना ऐकवलं. बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पाठवली असती बापू. वापस कोण आणणार होतं?"

त्या मला बापू म्हणत. सगळ्याच पोरवयाच्या पुरुषांना म्हणत, त्यात फार काही नव्हतं.

गावकऱ्यांनाही त्या सोडत नसत. एका ग्रामपंचायतीत नेट आहे पण कोणालाच मिळत नाही, अशी तक्रार होती. कंत्राटदाराने अतिवृष्टीचं कारण लिहून दिलं होतं. महिना एप्रिलचा होता, पण तो भाग कोणी वाचला नव्हता. बाई गेल्या. ग्रामसेवकाने यंत्र महागाचं म्हणून गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेलं, कपाटाला भोक पाडून वायर आत घेतलेली, आणि किल्ली घेऊन ग्रामसेवक नागपूरला. बाई संध्याकाळपर्यंत कपाटासमोर बसून राहिल्या. ग्रामसेवक आला, कपाट उघडलं. आत यंत्र व्यवस्थित चालू, शेजारी पंधरा ऑगस्टचा झेंडा घडी करून ठेवलेला. लोखंडी कपाटातून नेट बाहेर येणार कसं? ग्रामसेवक म्हणाला, "चोरी जाईन म्हणून ठेवलं जी." बाई म्हणाल्या, "चांगलं केलं. आता कपाटात बसूनच वापरा." तरी यंत्र स्वतःच्या हाताने बाहेर काढून भिंतीवर बसवलं तेव्हाच गावातून निघाल्या.

आणि दसऱ्याची गोष्ट तर मी अजून सांगत फिरतो. दसऱ्याला आपल्याकडे नांगर, वजनकाटा, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते, मग नेटने काय घोडं मारलं होतं? एका गावच्या शिपायाने यंत्र पुसलं, पुसताना शॉक लागू नये म्हणून वायर काढली, आणि यंत्राची पूजा करताना वायरला कशाला वगळायचं म्हणून तिच्या टोकालाही हळद-कुंकू लावून भक्तिभावाने परत खोचली. त्या काचेच्या केसाएवढ्या टोकातून उजेड जायचा असतो. गाव आठ दिवस बंद. कंत्राटदाराने पूर्ण केबल बदलावी लागेल असं कळवलं. साहेब प्रस्ताव लिहायला बसले. बाईंनी दुर्बिणीतून टोक पाहिलं, शिपायाला जवळ बोलावलं आणि त्यालाही दाखवलं. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "टिळा कपाळाले लावतेत बापू, डोळ्यात नाही भरत." स्पिरिटने पुसलं, खोचलं, दिवा लागला. शिपायावर त्या रागावल्या नाहीत, उलट पुढच्या वर्षी यंत्राच्या झाकणावर हार घाल म्हणून सांगितलं. प्रस्ताव मात्र बारगळला, आणि दुबे साहेबांनी त्या दिवशी डबा न खाताच परत नेला.

आता पिंपळटोली.

तालुक्यातले सगळे ठिपके हिरवे झाले होते, पिंपळटोली सोडून. हे गाव टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या पलीकडे. तिथे मोबाइललाही सिग्नलची एक कांडी येत नाही. येते ती फक्त टेकडीच्या माथ्यावर, मारुतीच्या ओट्यापाशी. त्यामुळे महिन्याचं रेशन आलं की दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन टेकडीवर जातो आणि गाव त्याच्यामागे चढतं. अंगठा वर द्यायचा आणि धान्य खाली येऊन घ्यायचं. अंगठा ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, त्यामुळे गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याही चढतात. कोणी दुपारपर्यंत पोचतं, कोणी अर्ध्यावर बसून राहतं. जी पोचत नाही तिचं त्या महिन्याचं धान्य बुडतं. पंचायतीत नेट आलं असतं तर हा सगळा प्रकार एका दिवसात संपला असता.

कंत्राटदाराने पिंपळटोलीच्या पंचायतीत यंत्र बसवलं होतं. त्यावर हिरवा दिवा लागत होता. फोटो आला, छान होता. मी बटणावर बोट ठेवूनच बसलो होतो. बाई जाऊन आल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी कागद घेऊन मागे.

"दिवा विजेचा आहे," बाई म्हणाल्या. "केबल नाल्याच्या अलीकडं बाभळीले गुंडाळून टांगली आहे. पलीकडं काईच नाही."

"अरे मॅडम, नाला कितना है? वीस मीटर," साहेब म्हणाले. "हो जाएगा. बरसात के बाद करून देतील ते. आपण तोवर सही करून टाकू. अगले हफ्ते कार्यक्रम आहे, शंभर टक्के तालुका. एका गावासाठी नव्व्याण्णव कसं सांगायचं?"

"सांगा नं. नव्व्याण्णव काई शिवी नाही."

"काम तो होना ही है."

"साहेब, लाल आहे तोवर कोणीतरी येईन," बाई म्हणाल्या. "हिरवं झालं का कोणी येत नाही. मी पाहिलं आहे. मंग गाव तक्रार कराले गेलं तं कंप्युटर म्हणते, तुमच्याकडं आहे."

हे खरं होतं. आमच्या प्रणालीत लालाचा हिरवा करायचं बटण होतं, हिरव्याचा लाल करायचं नव्हतं. प्रगती मागे जात नाही, असं ती बनवणाऱ्याला कोणीतरी सांगितलं असावं. आणि हिरव्या गावाची 'नेट आलंच नाही' अशी तक्रार ती प्रणाली घेतच नसे. मला हे बाईंपेक्षा चांगलं माहीत होतं. मी कागद हातात धरून उभा राहिलो आणि पंख्याकडे पाहिलं.

बाईंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका तातडीच्या तपासणीवर पाठवलं. ती तातडी आम्ही सकाळीच तयार केली होती. मग मला बोलावलं.

सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांत एक फार सोयीचा रिवाज आहे. साहेब जागेवर नसला तर त्याच्या पदनामाच्या वर 'करिता' असं लिहून कोणीही सही ठोकतो. सही आपली, जबाबदारी त्याची. यावर देश चालतो. साहेब म्हणाले, "करिता करून टाक." 'नाही करत' असं मी म्हणालो नाही. विचार करतो असंही म्हणालो नाही. मी एवढंच विचारलं की निळ्या शाईने करू की काळ्या. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नव्हती, हेही लिहून ठेवतो. 'करिता, स्वीकृती तपासनीस.' खाली माझी लफ्फेदार सही. मग मी जागेवर आलो, बटण दाबलं आणि तालुका संपूर्ण हिरवा झाला. ऑफिसात टाळ्या वाजल्या. संत्र्याची बर्फी आली.

कार्यक्रम नागपुरातच झाला, मोठ्या सभागृहात. प्रमुख पाहुणे पिंपळटोलीच्या सरपंचांशी नेटवरून थेट बोलणार होते. पिंपळटोलीत नेट नसल्यामुळे सरपंचांना जीपने धरमपेठेत आणलं आणि आमच्या मीटिंगच्या खोलीत, पंचायतीच्या भिंतीचा फोटो छापलेल्या पडद्यासमोर बसवलं. पाहुण्यांनी विचारलं, गावात हवामान कसं आहे? सरपंच एसीकडे पाहून म्हणाले, "थंड आहे जी." सभागृह खूश झालं. मे महिना होता.

सोमवारी पौनीकर बाई आल्या. नकाशासमोर उभ्या राहिल्या. पिंपळटोलीचा ठिपका बराच वेळ पाहिला. मग माझ्या टेबलाशी येऊन फाइल मागितली. मी दिली. त्यांनी सही पाहिली.

"अक्षर चांगलं आहे गा तुयं," म्हणाल्या. "हातही नाही कापला."

"साहेबांनी सांगितलं मॅडम. मी काय करणार?"

"काई नाही. तू काय करशीन." फाइल त्यांनी मिटून टेबलावर ठेवली, कडा सरळ करून ठेवली. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपलं आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. तालुका शंभर टक्के झाल्यावर तपासायला राहिलं काय? दुबे साहेबांनी निरोप समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं, आणि बाईंच्या काटेकोरपणाबद्दल भाषण केलं. ते भाषण इतकं सुंदर होतं की मग त्यांना काढलं कशाला, असा प्रश्न कोणालाही पडला असता. बाईंनी शाल घडी करून झोळीत घातली आणि चारच्या उमरेड एसटीने गेल्या.

पावसाळा गेला. नाला ओलांडायला कोणी आलं नाही, कारण कागदोपत्री तो ओलांडलेला होता. मी एकदा, कोणाला न सांगता, पिंपळटोलीच्या नावाने दुरुस्तीची मागणी टाकून पाहिली. प्रणालीने मला कळवलं की गाव सुस्थितीत आहे आणि प्रमाण म्हणून माझीच सही दाखवली.

दिवाळीनंतर साहेबांना वार्षिक पुस्तिकेसाठी लाभार्थ्यांचे फोटो हवे झाले. पिंपळटोली शेवटचं जोडलेलं गाव, म्हणून तिथला एक तरी हसरा चेहरा पाहिजेच. पाठवलं मला. गावात पोचलो तर पंचायतीला कुलूप, दुकान उघडं पण दुकानदार नाही, गल्लीत माणूस नाही. एक बाई भांडी घासत होती. तिने ओल्या हाताने टेकडी दाखवली. रेशनचा दिवस होता.

मी चढलो. मी तिशीतला माणूस, दोनदा थांबलो. वाटेत दगडांवर म्हाताऱ्या बसलेल्या, कोणी पदराने वारा घेत, कोणी नुसतीच. माथ्यावर ओट्यापाशी पंचवीस-तीस माणसं. आणि मधोमध पौनीकर बाई, तेच कापडी बूट, मशीन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून कांडी शोधत. दुकानदार सावलीत बसून यादी वाचत होता. रेशनच्या दिवशी त्या उमरेडहून पहिल्या एसटीने येतात, चढणाऱ्यांना हात देतात आणि मशीन धरून उभ्या राहतात, हे मला त्याने सांगितलं. किती महिने? पहिल्यापासूनच, म्हणाला.

बाईंनी मला पाहिलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"ये बापू. पाणी पे. मंग फोटो काढ."

तेवढ्यात गिरजाबाई वर पोचली. गिरजाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी, पाठीतून वाकलेली. एका हाताने काठी आणि दुसऱ्याने नातसुनेचा खांदा धरून आली होती. धाप एवढी की तिला बोलता येईना. बाईंनी तिला ओट्यावर टेकवलं, चिंधी ओली करून अंगठा पुसला, मशीन पुढे केलं. चौथ्या वेळी जुळलं. मग गिरजाबाईचं लक्ष माझ्या कॅमेऱ्याकडे गेलं.

"कोन होय वं हा?"

बाई मशीन पदराने पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "आमच्या हापिसातला आहे. सही यानं केली."

मला वाटलं आता म्हातारी काठी उगारेल. माझी तयारी होती. पण गावाला बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलेलं होतं की नेट आल्याशिवाय सही होणार नाही, आणि पिंपळटोली तेव्हापासून त्या सहीची वाट पाहत होती. गिरजाबाईचा चेहरा उजळला.

"झाली का सही? माय वं. कवा झाली?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी मशीन पुन्हा डोक्याच्या वर धरलं होतं.

गिरजाबाई काठी टाकून उठली. दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडली. मग ओट्याच्या कडेला गेली आणि खाली दगडांवर बसलेल्यांना जीव खाऊन हाक मारली, "चढा वं बायांनो, चढा. सही झाली म्हन्ते. पुढच्या महिन्यात चढाचं काम नाही."

आणि त्या एकेक करून उठल्या आणि चढू लागल्या.